युरोपातल्या कालव्यावर आठवडाभर बार्जने : आईबाबांना पाठवावं का?

मुक्ता_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. मी आणि दादाने मिळून त्यांना युरोप दाखवायचं ठरवलंय. दोघंही अजून देशाबाहेर गेलेले नाहीत. बाबा ७१, आई ६७. बाबा ठणठणीत आहेत. आईचा उजवा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर दोन किलोमीटर आरामात चालते, पण जिना दिसला की थबकते.

पहिला विचार नेहमीच्या ग्रुप टूरचाच होता. बारा दिवस, सात देश. कार्यक्रम वाचून दाखवला तर बाबा म्हणाले, "म्हणजे रोज पहाटे बॅगा भरायच्या." मग उठले आणि कपाटातल्या फायलीतून एक पिवळं पडलेलं कात्रण घेऊन आले. फ्रान्समधला कालवा, त्यावर एक लांबुडकी बोट आणि बोटीसमोर टेकडीवर चढत गेलेल्या पाण्याच्या पायऱ्या. नोकरीत असताना कापून ठेवलेलं म्हणे. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

शोधल्यावर कळलं की तिकडे जुन्या मालवाहू बार्ज दुरुस्त करून त्यांची छोटी हॉटेलं केली आहेत. सहा ते बारा पाहुणे, चार-पाच माणसांचा ताफा, जेवणखाण सगळं आत. आठवडाभरात जेमतेम शंभर-दीडशे किलोमीटर जाते. भाडं माणशी चार-पाच हजार युरोंपासून पुढे. म्हणजे दोघांचे दहा लाख धरा, विमान वेगळं.

कोणी गेलंय का? आईला झेपेल का? शाकाहारी जेवणाचं काय? आणि इतके पैसे घालून "काहीच पाहिलं नाही" असं तर वाटणार नाही ना?

भटकी_वैशाली

मुक्ता, आम्ही गेलो होतो. २०२२, फ्रान्सचा बर्गंडी प्रांत. मी, नवरा आणि माझी नणंद.

आधी चांगलं सांगते. सकाळी आठ-साडेआठला नाश्ता, मग दोर सुटतात. बोट ताशी पाच-सहा किलोमीटरने चालते, म्हणजे आपण भरभर चालतो तितकी. काठाने पूर्वी घोडे जिथून नावा ओढायचे ती वाट अजून आहे. एका लॉकला (बोट वर-खाली नेणारा, दोन्हीकडे दारं असलेला पाण्याचा हौद) उतरायचं, चालत किंवा बोटीवरची सायकल घेऊन पुढच्या लॉकवर जायचं आणि पुन्हा चढायचं. दोनदा तर मी बोटीच्या आधी पोचले आणि दगडावर बसून तिची वाट बघितली. दुपारी बोट बांधली की एक गाडी येते, ती गावातल्या बाजारात नाहीतर द्राक्षमळ्यात घेऊन जाते.

आता वाईट. त्या उन्हाळ्यात तिकडे दुष्काळ होता. कालव्याचा वरचा टप्पा पाण्याअभावी बंद झाला. आम्हाला निघायच्या चार दिवस आधी कळवलं की मार्ग बदललाय. जो लांबलचक बोगदा बघायला म्हणून आम्ही तो मार्ग निवडला होता, तोच गेला. पैसे परत नाहीत, कारण करारात "पाण्याच्या स्थितीनुसार बदल" हे कलम होतं. ते कलम नीट वाच आणि प्रवासविमा घेताना त्यात हे बसतं का ते विचारून घे.

झटपट_राजा

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आयुष्यात एकदाच युरोपला जाणाऱ्या माणसांना दहा लाख खर्चून दीडशे किलोमीटर? आमच्या आईवडिलांना मी ग्रुप टूरने पाठवलं. आयफेल टॉवर, आल्प्सचा बर्फ, व्हेनिस सगळं झालं. मराठी जेवण, मराठी बोलणारा टूर लीडर, सोबत पस्तीस समवयस्क. आजही अल्बम काढून बसतात. तिकडे फ्रेंच ताफ्याबरोबर सात दिवस काय बोलणार?

स्वरा_नाशिक

वाचतेय. वाचनखूण साठवली.

कालवेवाले_काका

मुक्ताताई, तुमच्या वडिलांचं कात्रण मी न बघता ओळखलं. बेझिए गावाजवळचा फोन्सेरानचा जिना, म्हणजे एकाला एक लागून बांधलेली लॉक. मूळचे आठ कप्पे, नऊ दारं, एकूण चढ साडेएकवीस मीटर. हल्लीच्या बोटी त्यातले सहा कप्पे वापरतात. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, शेवटची अकरा नीरा उजव्या कालव्यावर, फलटणला. निवृत्तीनंतर मुलीकडे तुलूझला गेलो तेव्हा हा कालवा तीन आठवडे नुसता काठाने बघत हिंडलो. कानाल द्यु मिदी त्याचं नाव. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या 'तो' नावाच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर. काम १६६६ ते १६८१. करणारा पिएर-पॉल रिके हा इंजिनियर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार होता. अटलांटिक आणि भूमध्य हे दोन समुद्र जोडायची कल्पना आधीही अनेकांनी मांडली होती, पण गाडं एकाच ठिकाणी अडायचं. मधे उंचवटा आहे. कालवा त्याच्यावरून न्यायचा तर माथ्यावर पाणी आणायचं कुठून? आणि आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच. कालवा खणणं सोपं, माथ्याला पाणी देणं अवघड. प्रत्येक बोट लॉकमधून गेली की एक हौदभर पाणी खाली उतरतं. ते वरून भरून काढावंच लागतं.

रिकेने नोरूझची खिंड हेरली, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. तिथलं पाणी एका बाजूला अटलांटिककडे जातं, दुसऱ्या बाजूला भूमध्याकडे. मग उत्तरेच्या मोंतान्य नुआर डोंगरातले ओढे पाटाने वळवून तिथे आणले आणि त्यांच्या साठवणीसाठी सें-फेरेओलचं धरण बांधलं. मातीचं भरण, पोटात दगडी भिंत, उंची ३२ मीटरच्या आसपास, साठा सुमारे ६३ लाख घनमीटर. काम १६६७ ते १६७२. ताई, ते धरण आजही त्याच कालव्याला पाणी देतं. मी त्याच्या पायथ्याच्या बोगद्याशी उभा होतो, आत पाण्याचा घुमणारा आवाज येत होता. साडेतीनशे वर्षं झाली.

लॉकचा आकार बघा. मिदीवरची जुनी लॉक लंबगोल आहेत, भिंती बाहेर फुगलेल्या. सुरुवातीला सरळ भिंतींचं लॉक बांधलं ते मातीच्या दाबाने ढासळलं. मग कमान आडवी टाकावी तशा भिंती वळवल्या.

कामावर बारा हजारांपर्यंत माणसं असायची, त्यांत शेकडो बायका. पिरेनीज डोंगरातल्या बऱ्याच होत्या, त्यांना गावाकडे पाट काढायची सवय होती. रिके महिन्याने पगार द्यायचा आणि पावसाचे, सणाचे, आजारपणाचे दिवस कापायचा नाही. मजूर टिकवायचे तर हेच करावं लागतं हे त्याला कळलं होतं. स्वतःचा पैसा ओतला, कर्ज केलं आणि कालवा खुला व्हायच्या काही महिने आधी १६८० मध्ये गेला.

झटपट राजा, तुमचं म्हणणं चूक नाही. पण त्यांच्या बाबांनी हे कात्रण इतकी वर्षं जपलंय, ते त्यात धरा.

मुक्ता_डोंबिवली

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "माथ्याला पाणी" ऐकल्यावर ते उठून बसले. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

पणजीकर

अवांतर. आमच्या गोंयात बार्ज म्हटलं की डोळ्यांसमोर लाल धूळच येते. मांडवीतून खनिज घेऊन मुरगावला जाणाऱ्या रांगाच्या रांगा. माझे वडील अशाच एका बार्जीवर तांडेल होते. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा बांध आणि दर्या खवळलेला, म्हणून मांडवीतल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या. मी लहानपणी दोनदा त्यांच्याबरोबर गेलोय. दोन्ही बाजूंना खारफुटी, इंजिनाची धडधड पायांतून वर येते आणि वळणावर समोरून दुसरी बार्ज आली की दोन्ही तांडेल हात वर करायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा कित्येक बार्जी काठाला लागल्या त्या तिथेच गंजल्या. त्यातल्या एकीत जरी कोणी खाटा टाकून लोकांना कुंभारजुव्यातून फिरवलं असतं, तरी बाबांनी खुशीने सुकाणू धरलं असतं.

अपर्णा_आइंडहोवन

पणजीकर, तुमच्या प्रतिसादाने आत कुठेतरी लागलं. इथेही तीच गोष्ट झाली, फक्त शेवट वेगळा. फ्रान्समधल्या हॉटेल बार्जपैकी कितीतरी मूळच्या आमच्या नेदरलँड्सच्या. शंभर वर्षांपूर्वी धान्य, कोळसा, वाळू वाहायला बांधलेल्या. ट्रक आले, मोठी जहाजं आली, लहान बार्जींना काम उरलं नाही. काही भंगारात गेल्या, काहींची घरं झाली, काहींची हॉटेलं. माझी एक मैत्रीण अशाच घरात राहते. तिच्या निजायच्या खोलीच्या भिंतीवर अजून रिव्हेटच्या रांगा दिसतात, पांढऱ्या रंगाखाली हाताला लागतात. जिथे गव्हाची रास असायची तिथे पलंग.

मुक्तासाठी कामाचा मुद्दा यातूनच निघतो. पाहुण्यांच्या खोल्या बहुतेक पूर्वीच्या मालाच्या जागी, म्हणजे डेकच्या खाली असतात. उतरायला जिना, आणि तो घरातल्या जिन्यापेक्षा उभा असतो. दिवसातून आठ-दहा वेळा चढउतार. आईसाठी आधी जिन्याचा फोटो मागव, नुसतं "आरामदायी" या शब्दावर जाऊ नकोस.

डॉ_नीलिमा

अपर्णाला अनुमोदन. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याला उभा जिना आणि डेकवरून काठावर टाकायचं पाऊल, दोन्ही त्रासदायक. काठ आणि डेक यांच्यात कधी फूटभर, कधी दीड फूट फरक असतो. बांधलेली बोट हलते, त्यामुळे तोल सांभाळायला मांडीच्या स्नायूंत ताकद हवी. सप्टेंबरला अजून पाच महिने आहेत. आत्तापासून खुर्चीतून उठबस आणि पायरीचा व्यायाम सुरू केला तर खूप फरक पडेल. आधी अर्थात त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

लंडनचा_बंड्या

इंग्लंडचाही विचार करा की. भाषा येते. इथे अरुंद बोटी असतात, फक्त सात फूट रुंद, कारण लॉकच तेवढी. वेल्समध्ये पोंटकिसिल्टे नावाचा पूल आहे, १८०५ सालचा. ३८ मीटर उंचीवरून लोखंडी पन्हाळीत कालवा नदी ओलांडतो. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बोटीच्या खिडकीतून थेट खाली दरी. माझ्या आईने डोळे मिटून हनुमानचालिसा म्हटली आणि मग परत येताना डोळे उघडे ठेवून बघितलं.

प्राची_के

बंड्या, आधी आजींचं कौतुक!

लंडनचा_बंड्या

आजी नाही हो, आई. पण निरोप पोचवतो.

शमा_खवय्यी

जेवणाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. आम्ही दोघी बहिणी मिदीवरच्या हॉटेल बार्जवर होतो. आचारी बाई फार प्रेमळ, पण "शाकाहारी" म्हणजे मासे चालतात असा तिचा समज. पहिल्याच रात्री ताटात ट्राउट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर बाजारात गेले आणि बोटाने दाखवलं, हे हो, हे नाही. त्यानंतर पाच दिवस इतकं सुंदर जेवलो! भरलेले टोमॅटो, वांगी-झुकिनीची मंद आचेवर शिजवलेली भाजी, बकरीच्या दुधाचं चीज आणि मध, ताजी अंजिरं.

त्यामुळे आधीच लिहून कळवा : मांस, मासे, कोंबडी, अंडी आणि मांसाचा रस्सा, एकेक नाव घेऊन. कांद्याचं सूप दिसायला शाकाहारी, पण पारंपरिक पद्धतीत ते गोमांसाच्या रश्श्यात करतात. कास्तेलनोदारी गावचा कासुले म्हणजे पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा मातीच्या भांड्यातला प्रकार, वास अगदी आपल्या उसळीसारखा भूक चाळवणारा, पण त्यात बदक आणि सॉसेज असतं. काटेकोर असाल तर चीजही विचारून घ्या. बरीच पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने करतात.

आणि मेतकूट न्या. सातव्या दिवशी मऊभात-मेतकूट मी त्या बाईंना करून खायला घातला. तिने मेतकुटाचा वास घेऊन वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सदा_सायकलवर

दहा लाख ऐकून मी गार झालो. तोच कालवा आम्ही दोघा मित्रांनी सायकलने केला, तंबू टाकत. काठाची वाट बहुतेक सपाट, दर काही किलोमीटरला लॉक, लॉकवरच्या घराशी नळ, सावली. बार्जवाले आणि आम्ही तीन दिवस एकमेकांना भेटत होतो, कारण त्यांचा आणि आमचा वेग जवळपास एकच. चौथ्या दिवशी त्यांनीच बोलावून कॉफी दिली.

एक सांगायचं राहतं. काठाची झाडं. प्लेनच्या (आपल्या चिनारच्या जातकुळीतल्या) झाडांच्या दुतर्फा रांगा हीच या कालव्याची ओळख, ४२,००० झाडं होती. २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती आली असं मानतात. औषध नाही, त्यामुळे झाडं हजारोंनी तोडावी लागली. काही टप्पे अगदी बोडके आहेत, मधेच कोवळ्या रोपांच्या रांगा, खोडाला काठ्या बांधलेल्या. जुन्या फोटोंतली हिरवी कमान सगळीकडे मिळेल असं समजून जाऊ नका. आम्ही बुंध्यांच्या शेजारी डबा खाल्ला. एकेका बुंध्यावर मी आणि मित्र दोघं सहज बसलो.

झटपट_राजा

सदाभाऊ, हे वाचून वाईट वाटलं. कालवेवाले काका, तुमचा प्रतिसादही दोनदा वाचला. तरी माझा मुद्दा भाषेचा आणि सोबतीचा आहे. दोघंच ज्येष्ठ, अनोळखी माणसांत सात दिवस. त्यांना एकटं वाटलं तर?

मुक्ता_डोंबिवली

राजा, खरं सांगू का, हाच प्रश्न आईने काल विचारला. "मी कोणाशी बोलू?"

मंगेश_आणि_मंडळी

मग तुम्हीच का जात नाही बरोबर? हॉटेल बार्ज सोडा, बोट भाड्याने घ्या आणि स्वतः चालवा. फ्रान्सच्या कालव्यांवर भाड्याच्या बोटींना परवाना लागत नाही. तासाभरात शिकवतात. आम्ही २०१९ मध्ये सहाजण गेलो होतो, मे महिन्यात. आठवड्याचे १,६०० युरो, डिझेल वेगळं. सहा जणांत वाटलं तर हॉटेलपेक्षा स्वस्त. आत शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. आम्ही कुकर नेला होता. कार्कासॉनच्या किल्ल्याखाली बोट बांधून खिचडी केली.

काही खोट्या कल्पना काढून टाका. बोटीला ब्रेक नसतो. पहिल्या दिवशी आम्ही दोन वेळा झुडपात शिरलो. लॉकमध्ये शिरलं की एकाने काठावर उडी मारून दोर खुंट्याला घालायचा, पण बांधायचा नाही, हातात धरून ठेवायचा. पाणी उतरलं की बोट खाली जाते, दोर बांधलेला असला तर ती लटकते. पहिल्या लॉकला माझ्या मेहुण्याने पक्की गाठ मारली होती. लॉकवाल्याने ओरडून झडपा बंद केल्या, पळत आला आणि गाठ सोडून दोर मेहुण्याच्या हातात दिला. मग त्याचा पंजा आपल्या पंजात धरून दोर कसा सैल सोडायचा ते दाखवलं. एक शब्द इंग्रजी नाही. ओला, शेवाळलेला दोर बोटांतून सरकत होता आणि भिंत वर वर जात होती.

दुपारी तासभर लॉक बंद असतात, जेवणाची सुट्टी. तेव्हा तुम्हीही जेवा. १ मेला काहीही चालत नाही. कालव्यात पोहायचं नाही, मनाई आहे आणि पाणीही तसं स्वच्छ नाही.

अपर्णा_आइंडहोवन

मंगेश +१. शिवाय भाड्याच्या काही बोटी एकाच पातळीवरच्या मिळतात, खोल्या-स्वयंपाकघर-डेक सगळं सलग, मधे एखादीच पायरी. मुक्ता, आईसाठी हे हॉटेल बार्जपेक्षा सोयीचं.

कालवेवाले_काका

मंगेशरावांची सूचना पटली. मग मार्गही सांगतो. मिदी कालव्यावर अर्जांसपासून फोन्सेरानपर्यंत ५४ किलोमीटर सलग पाणी आहे, एकही लॉक नाही. इथे रिकेने आपण करतो तेच केलं. डोंगराच्या कडेकडेने एकाच पातळीची रेषा धरली आणि ती जिकडे वळेल तिकडे कालवा वळवला. सरळ रेषेत अंतर फार कमी आहे, पण कालवा नागमोडी जातो. चालवायला शांत, आईंना त्रास नाही.

आणि तो टप्पा रिकामाही नाही. पाराझाजवळ रेप्युद्र ओढ्यावरून कालवा पुलाने जातो, १६७६ चं काम. ल सोमाईला जुना कमानी पूल आहे आणि पुस्तकांचं मोठं दुकान. कापेस्तांचा पूल इतका बुटका की मोठ्या बार्ज तिथे छत दुमडून घेतात, खुर्च्या आडव्या करतात. पुढे मालपाचा बोगदा, १६७९, कालव्यासाठी डोंगरातून काढलेला युरोपातला पहिला. आणि शेवटी फोन्सेरान. म्हणजे वडिलांचं कात्रण. ओंप्स गावाहून निघालात तर पहिल्याच दिवशी थोडी लॉक मिळतील, हातही बसेल.

मोठ्या बार्जचं एक अवांतर. फ्रान्समध्ये १८७९ मध्ये बांधकाममंत्री फ्रेसिने यांनी लॉकचं माप ठरवून दिलं, ३९ मीटर लांब, ५.२ मीटर रुंद. साडेअडतीस मीटरची बार्ज त्यात बोटभर जागा ठेवून बसते. मिदीवर मात्र मधल्या टप्प्यात जुनीच, सुमारे तीस मीटरची लॉक राहिली. म्हणून तिथली हॉटेलं आखूड.

इतिहासप्रेमी_मिलिंद

काकांच्या माहितीत थोडी भर. ही हौशी जलयात्रा आजची नाही. १७८७ च्या मे महिन्यात थॉमस जेफरसन, तेव्हा अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत, याच कालव्यातून गेले. त्यांनी आपल्या बग्गीची चाकं काढून ती एका नावेवर ठेवली आणि आत बसून, खिडक्यांतून दोन्ही काठ बघत प्रवास केला. कंटाळा आला की उतरून काठाने चालायचे. घोडा नाव ओढायचा. वैशालीताईंनी वर लिहिलंय अगदी तसंच. पुढे १८५७ मध्ये बोर्दो ते सेत रेल्वे आली आणि उतारू गेले. माल मात्र विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत चालत होता.

स्वरा_नाशिक

चाकं काढलेली बग्गी! हे मुलाला शाळेत सांगायला देणार.

भटकी_वैशाली

मुक्ता, मी गेले हॉटेल बार्जने आणि मला ते आवडलं, पण तुझ्या घरासाठी मंगेशचा मार्गच बरा. व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतो, त्यात बोटीचं बुकिंग आणि रोज रात्री कुठे बांधणार त्या गावांची यादी जोड. आमचं काम त्यावर झालं.

मुक्ता_डोंबिवली

ठरलं. आईबाबा, दादा-वहिनी आणि मी, पाचजण, भाड्याची बोट, ओंप्सहून फोन्सेरान आणि परत, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. नंतर पॅरिसमध्ये तीन दिवस, राजा, आयफेल टॉवरसकट. नीलिमाताई, आईची उठबस सुरू झालीये, आज दहाचे तीन वेळा झाले.

झटपट_राजा

आता माझी काही तक्रार नाही. सर्वांना शुभेच्छा. फोटो टाका.

मुक्ता_डोंबिवली (ऑक्टोबर)

धागा वर काढतेय. परत येऊन दोन आठवडे झाले.

आईपासून सुरुवात. ती पहिले दोन दिवस बोटीवरून उतरली नाही. तिसऱ्या दिवशी ल सोमाईला बोट बांधली. संध्याकाळी शेजारच्या बोटीवरच्या बाई, जर्मन, आईहून मोठ्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. आई खिडकीतून थोडा वेळ बघत राहिली, मग काठावर उतरली आणि त्यांच्या समोर जाऊन बसली. दोघींनी मिळून सगळ्या शेंगा सोलल्या. बोलल्या काय ते आम्हाला कळलं नाही, पण दिवेलागणीला आई परत आली ती हातात पेअरची चार फळं घेऊन. त्यानंतर रोज संध्याकाळी ती बोट बांधायच्या आधीच चप्पल घालून तयार.

गुडघा बरा राहिला. एकदाच त्रास झाला, कापेस्तांला, काठ उंच होता. वहिनीने आणि मी दोन्ही बाजूंनी धरलं.

मंगेश, आम्ही झुडपात फक्त एकदा शिरलो. दोर बाबांनी सांभाळला, तुमचा प्रतिसाद छापून खिशात ठेवला होता.

फोन्सेरानला बोटींना वेळ ठरवून सोडतात, काही तास वरून खाली, काही तास खालून वर. आम्ही बोट वरच बांधली आणि चालत गेलो. आई वरच्या बाकावर बसली. बाबा जिन्याच्या कडेने सगळ्यात खाली उतरले, कात्रण काढलं आणि फोटो जिथून घेतला असेल ती जागा शोधू लागले. कधी दोन पावलं डावीकडे, कधी मागे. शेवटी सापडली. मला हाक मारून तिथे उभं केलं आणि स्वतः बाजूला झाले. समोरून एक बार्ज येत होती, एकेक दार उघडत, एकेक पायरी उतरत. ती खालपर्यंत यायला अर्ध्या तासाहून जास्त लागला असेल. बाबा तितका वेळ उभे होते. मग म्हणाले, "चल, आईला चहा देऊ."

हा पुढचा प्रतिसाद बाबांचा आहे, काल खातं काढून दिलं.

मुक्ताचे_बाबा

सर्वांस नमस्कार. पहिल्यांदाच लिहीत आहे, चूकभूल माफ करावी. आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, मनापासून आभार.

कालवेवाले साहेब, एक शंका आहे. ५४ किलोमीटरच्या सपाट टप्प्यात मी रोज सकाळी पाण्यात प्लेनचं पान टाकून बघत होतो. कधी जागचं हलत नव्हतं, कधी सावकाश पूर्वेकडे जात होतं. त्या टप्प्यात पाणी वाहतं की उभं असतं?

कालवेवाले_काका

साहेब, उत्तम शंका. पान टाकून बघणारा माणूस आमच्या खात्यात हवा होता.

पाणी जवळपास उभंच असतं, पण पूर्ण उभं नाही. खाली फोन्सेरानला बोट सुटली की एक हौद पाणी जातं, शिवाय बाष्पीभवन, पाझर, शेतीचा उपसा. ते भरून काढायला वरून आणि मधे सेस नदीकडून पाणी सोडतात. खालून ओढ लागली की पान पूर्वेला जातं. बोटी थांबल्या, वारा पडला की जागेवर राहतं. जास्तीचं पाणी आलं तर बाहेर काढायला सांडवे आहेत. ओंप्सच्या पश्चिमेला ल रेदोर्तजवळ अकरा कमानींचा सांडवा आहे, रिकेनंतर वोबां या फ्रेंच लष्करी इंजिनियरने करवून घेतला. तुमच्या मार्गात तो आला नाही, पुढच्या खेपेला त्या बाजूने जा.

आमच्या कालव्याला मात्र सतत उतार असतो, पान थांबत नाही. जानेवारीत रब्बीचं आवर्तन सुटतं. वहिनींना घेऊन फलटणला या. पाटकरी माझ्या ओळखीचा आहे, सकाळी लवकर गेलो तर गेट उचलताना बघायला मिळेल.